काचेच्या पोटात प्रकाशाची वाट: फेमटोसेकंद लेसरने वेव्हगाइड लिहिण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर कुठल्याही कॉलेजात बोलायला गेले की व्याख्यान संपल्यावर टेबलाभोवती घोळका जमतो, आणि खरे प्रश्न तेव्हा सुरू होतात. सभागृहात हात वर करायला संकोचणारी मुलं तिथे मोकळी होतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण विषय तिथेच खोल आहे.

हे नेमकं आहे काय?

अखंड काचेच्या तुकड्याच्या आत, वरच्या पृष्ठभागाला धक्का न लावता, प्रकाशासाठी वाट आखणं. लेसरचा झोत भिंगातून काचेच्या आत एका ठिपक्यात एकवटायचा, समजा पृष्ठभागाखाली अर्ध्या मिलिमीटरवर, आणि काच सरकवत न्यायची. ठिपका जिथून जिथून गेला तिथे काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो. ती रेघ मग ऑप्टिकल फायबरच्या गाभ्यासारखी वागते. एका टोकाला प्रकाश सोडला की तो रेघ धरून जातो, रेघ वळली की तोही वळतो आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. त्या रेघेला म्हणायचं वेव्हगाइड.

किंचित म्हणजे किती? शुद्ध सिलिकाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास असतो. लेसर फिरल्यावर तो १.४५० वरून १.४५३ झाला तरी काम झालं. दूरसंचाराच्या फायबरमध्येही गाभा आणि आवरण यांतला फरक साधारण ०.००५ एवढाच असतो. शाळेत पूर्ण आंतरिक परावर्तन शिकताना काच आणि हवा यांच्यातला मोठा फरक डोळ्यासमोर असतो, म्हणून इतक्या बारीक फरकाने प्रकाश कसा अडेल असं वाटतं. पण वाटेला जवळजवळ समांतर चाललेल्या प्रकाशाला तेवढा फरक पुरतो.

भेटवस्तूंच्या दुकानात काचेचा ठोकळा मिळतो, आत गणपती कोरलेला असतो. तेच का हे?

भावंडं म्हणा हवं तर, पण स्वभाव अगदी उलटे. त्या ठोकळ्यातला गणपती बहुधा नॅनोसेकंद पल्सच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाएवढ्या झोताच्या, हिरव्या लेसरने काढलेला असतो. प्रत्येक ठिपक्यावर काच आतल्या आत तडकते. ते हजारो बारीक तडे प्रकाश विखुरतात, म्हणून मूर्ती पांढरी आणि स्पष्ट दिसते. आम्हाला विखुरणंच नको असतं. वेव्हगाइडमध्ये एक जरी तडा असला तरी प्रकाश तिथून गळतो. ठोकळ्यातली मूर्ती चांगली दिसली पाहिजे आणि चांगला वेव्हगाइड जवळजवळ दिसता कामा नये. लिहिलेली चिप हातात दिली की मुलं ती उजेडात धरून विचारतात, "यात काही आहे का?" ही माझ्या लेखी शाबासकी आहे.

काच तर पारदर्शक असते. मग ती लेसर शोषते कशी?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. सिलिकामधला इलेक्ट्रॉन बंधनातून सुटायला सुमारे ९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. आम्ही वापरतो त्या १०३० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाच्या एका फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाकडे, जेमतेम १.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. एकट्या फोटॉनच्या आवाक्यातलं ते काम नाही, म्हणून तो काचेतून निघून जातो. यालाच आपण पारदर्शक म्हणतो.

पण आठ फोटॉन एकाच क्षणी एकाच जागी आले तर आठांची मिळून ऊर्जा पुरते. एरवी असं होण्याची शक्यता शून्यवत असते. त्यासाठी प्रकाशाची तीव्रता प्रचंड हवी, आणि हे शोषण साधारण तीव्रतेच्या आठव्या घातानुसार बदलतं. तीव्रता निम्मी केली तर शोषण निम्मं होत नाही, २५६ पटींनी घसरतं. म्हणून झोत काचेत शिरतो तिथे काही होत नाही, अर्धा मिलिमीटर आत जातानाही होत नाही. फक्त नाभीच्या बिंदूपाशी, जिथे सगळा प्रकाश दोन मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोळा होतो, तिथेच काच त्याला पकडते. एकदा थोडे इलेक्ट्रॉन मोकळे झाले की ते आणखी ऊर्जा घेतात आणि शेजाऱ्यांना धक्के देऊन त्यांनाही सोडवतात. पण सुरुवात त्या आठांच्या गाठीनेच होते. पृष्ठभाग शाबूत ठेवून आत लिहिता येतं ते या एका गुणामुळे.

फेमटोसेकंदच का? साधा ताकदवान लेसर का नाही चालत?

एक सेकंद आणि एक फेमटोसेकंद यांचं जे प्रमाण, तेच साधारण तीन कोटी सतरा लाख वर्षांचं आणि एका सेकंदाचं. आमची पल्स सुमारे २०० फेमटोसेकंदांची असते. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा काचेत जेमतेम ४० मायक्रॉन जातो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

आता हिशेब बघा. एका पल्सची ऊर्जा २०० नॅनोज्यूल, नगण्यच म्हणायची. पण ती २०० फेमटोसेकंदांत दिली तर त्या क्षणापुरती शक्ती एक मेगावॅट होते, दहा लाख वॅट. सेकंदाला दहा लाख पल्स सोडल्या तरी सरासरी शक्ती ०.२ वॅट एवढीच. साध्या लेसरने एवढी तीव्रता सतत गाठायची म्हटली तर काच वितळून फुटेल.

दुसरं कारण उष्णतेचं. मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनांकडून काचेच्या जाळीकडे ऊर्जा जायला काही पिकोसेकंद लागतात. तोवर आमची पल्स संपलेली असते. ऊर्जा किती आणि कुठे द्यायची, हे काच तापायला लागण्याआधीच ठरलेलं असतं.

अशा पल्स न मोडता शक्तिशाली करण्याची युक्ती अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलँड आणि जेरार्ड मुरू यांनी १९८५ मध्ये दाखवली: पल्स आधी वेळेत ताणायची, मग वाढवायची आणि शेवटी पुन्हा आवळायची. त्यासाठी २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग त्या दोघांना विभागून मिळाला.

सुरुवात कुठे झाली?

जपानमध्ये. क्योतोच्या काझुयुकी हिराओ यांच्या प्रकल्पातल्या डेव्हिस, मिउरा, सुगिमोतो आणि हिराओ या चौघांनी १९९६ मध्ये ‘ऑप्टिक्स लेटर्स’ या नियतकालिकात दाखवलं, की ८१० नॅनोमीटरच्या फेमटोसेकंद पल्सनी काचेच्या आत अपवर्तनांक वाढवून वेव्हगाइड लिहिता येतो. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये एरिक माझुर यांच्या गटाने पारदर्शक पदार्थांत ठिपके नोंदवून त्रिमितीत माहिती साठवण्याचं काम प्रसिद्ध केलं. पुढे मिलान, टोरंटो, सिडनी, एडिंबरा, येना इथे यावर मोठी शाळाच उभी राहिली.

मग काचेत बदलतं काय?

एकच उत्तर नाही, आणि "काच दाबली जाते" एवढंच सांगून कुणी सुटका करून घेतली तर पुढे विचारा. ऊर्जा कमी असेल तर गुळगुळीत बदल होतो, वेव्हगाइडला तोच लागतो. ऊर्जा थोडी वाढवली तर सिलिकात काही शे नॅनोमीटरच्या अंतराने आपोआप पट्ट्या उमटतात आणि त्यांची दिशा लेसरच्या ध्रुवीकरणावर, म्हणजे प्रकाशलहर कोणत्या दिशेने कंपते त्यावर, ठरते. क्योतो आणि साउदॅम्प्टनच्या गटांनी हे नॅनोपट्टे २००३ मध्ये दाखवले. काचेत दीर्घकाळ माहिती साठवण्याचे आजचे प्रयोग त्यांच्यावरच उभे आहेत. ऊर्जा आणखी चढवली की आत सूक्ष्म स्फोट होऊन पोकळी उरते.

गुळगुळीत बदलातही काच बघून कारण बदलतं. सिलिकाचा स्वभाव विचित्र आहे. ती खूप तापून झटकन थिजली तर जास्त घट्ट होते, बऱ्याचशा काचांत याच्या उलट घडतं. काही बहुघटक काचांत उष्णतेमुळे अणू इकडून तिकडे सरकतात आणि गाभ्यापाशी जड घटक गोळा होतात. काही फॉस्फेट आणि फ्लोराइड काचांत लेसर फिरलेल्या जागी अपवर्तनांक कमीच होतो. तिथे मधली जागा कोरी सोडून भोवती रेघांचं कुंपण घालतात आणि प्रकाश कुंपणाच्या आत राहतो.

कोणती काच घ्यावी?

शुद्ध सिलिका, नाहीतर मोबाइल आणि टीव्हीच्या पडद्यांसाठी बनणारी अल्कलीविरहित बोरोसिलिकेट काच. दुसरी स्वस्त पडते, सपाट मिळते आणि जलद लिहिता येते. सूक्ष्मदर्शकाखालची साधी स्लाइड सरावाला उत्तम.

लिहायला किती वेळ लागतो?

पाच सेंटिमीटरचा वेव्हगाइड, सेकंदाला दहा मिलिमीटर वेगाने: पाच सेकंद. ऐकणाऱ्याला यात गफलत वाटते, पण खरंच तेवढाच.

हा वेग पल्स किती दाट येतात त्यावर अवलंबून असतो. नाभीपाशी तापलेली काच निवायला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो. सेकंदाला हजारच पल्स असतील तर प्रत्येक पल्स थंड काचेवर पडते. दहा लाख असतील तर आधीची ऊब उतरायच्या आत पुढची येते. उष्णता साचत जाते, नाभीभोवती वितळलेल्या काचेचा छोटा थेंब तयार होतो आणि काच सरकली की तो मागे थिजत जातो. बोरोसिलिकेटमध्ये असे वेव्हगाइड सुबक, गोल येतात. सिलिकाला ही पद्धत तितकीशी मानवत नाही.

ठिपका जर लांबट असतो, तर वेव्हगाइड गोल कसा होतो?

ज्याने हे विचारलं त्याने विषय नीट ऐकला आहे. भिंगाने एकवटलेला ठिपका रुंदीला दोन मायक्रॉन असला तरी खोलीच्या दिशेने दहाएक मायक्रॉन लांब असतो. आडवं लिहिलं तर वेव्हगाइडचा छेद उभ्या तांदळासारखा येतो आणि गोल गाभ्याच्या फायबरशी तो जुळत नाही.

सगळ्यात सोपा उपाय मला अजूनही सुंदर वाटतो. भिंगाच्या आधी, लिहिण्याच्या दिशेला समांतर, एक अरुंद फट ठेवायची. आडव्या दिशेने झोत अरुंद झाला की त्या दिशेने ठिपका पसरतो, कारण झोत जितका अरुंद तितका ठिपका रुंद. पसरून पसरून तो लांबीच्या बरोबरीला येतो आणि छेद गोल होतो. दुसरा मार्ग म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या अंतराने वीसएक रेघा शेजारी शेजारी मारून हवा तो आकार भरून काढणं, रांगोळीत रंग भरतात तसा.

वेव्हगाइड चांगला झाला हे कसं कळतं?

लिहिताना सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यात एक पांढरा-निळसर ठिपका काचेच्या आत पेटलेला दिसतो. तो स्थिर, शांत असेल तर चिन्ह बरं. लुकलुकू लागला की काहीतरी बिनसलंय.

खरी परीक्षा पुढे आहे. काचेच्या कडेपाशी झोत अर्धा कापला जातो, त्यामुळे वेव्हगाइडची टोकं नीट लिहिली जात नाहीत. दोन्ही बाजू शे-दोनशे मायक्रॉन घासून काढाव्या लागतात. आधी भरड कागद, मग बारीक, शेवटी सिरियम ऑक्साइडची पातळ लापशी. दर दोन मिनिटांनी कड धुवायची, पुसायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. आधीच्या भरड कागदाचा एक कण राहिला तर शेवटी एक लांब ओरखडा उमटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. लिहायला पाच सेकंद, घासायला अख्खी दुपार. नव्या विद्यार्थ्याला मी लेसरआधी हे घासणंच शिकवते. चांगला वेव्हगाइड आणि वाया गेलेला वेव्हगाइड यांतला फरक बहुतेक वेळा इथेच पडतो, आणि शोधनिबंधात या कामाला एक ओळही मिळत नाही.

मग फायबरचं टोक वेव्हगाइडच्या तोंडाशी आणायचं. आधी लाल लेसर लावायचा. पलीकडे धरलेल्या कागदावर सुरुवातीला नुसता लालसर धुरळा दिसतो, कारण प्रकाश सगळ्या काचेत पसरलेला असतो. फायबर धरणाऱ्या सरकत्या स्टेजचा स्क्रू केसभर फिरवत राहायचं. एका क्षणी धुरळा विझतो आणि मधोमध एक टवटवीत ठिपका उमटतो. १५५० नॅनोमीटरसाठी लिहिलेल्या वेव्हगाइडमध्ये लाल ठिपका दोन-तीन पाकळ्यांत फुटलेला दिसला तर घाबरू नका. लहान तरंगलांबीला ती वाट ऐसपैस असते. अवरक्त प्रकाश लावला की कॅमेऱ्यात एकच ठिपका दिसायला हवा.

प्रकाश वाया किती जातो?

चांगल्या वेव्हगाइडमध्ये सेंटिमीटरला ०.१ डेसिबलच्या घरात, म्हणजे सुमारे सव्वादोन टक्के. चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डेसिबल जातो. म्हणजे आमचा एक सेंटिमीटर आणि फायबरचा अर्धा किलोमीटर सारखाच तोटा करतात. म्हणून काचेत लिहिलेली वाट फायबरची जागा घेणार नाही. तिचं काम काही सेंटिमीटरच्या चिपमध्ये आहे.

सिलिकॉनच्या फोटॉनिक चिप आहेतच. मग काचेची कटकट कशाला?

माझं मत स्पष्ट आहे. वाटा एकाच सपाट थरात हव्या असतील, चिप लाखोंनी हव्या असतील, तर सिलिकॉन घ्या. सिलिकॉनमध्ये प्रकाश काही मायक्रॉनच्या त्रिज्येत वळतो. काचेत अपवर्तनांकाचा फरक बारीक, म्हणून वळणाची त्रिज्या काही सेंटिमीटर ठेवावी लागते. घाईचं वळण घेतलं की प्रकाश बाहेर. लिहिल्यावर काच ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून सावकाश थंड केली तर ताण निघतात आणि वळणं थोडी घट्ट करता येतात, तरी सिलिकॉनची बरोबरी नाही.

काच जिंकते ती तिसऱ्या मितीत. एक वाट दुसऱ्या वाटेच्या वरून नेता येते, खालून नेता येते, मळसूत्रासारखी फिरवता येते. सात गाभ्यांच्या फायबरमध्ये एक मध्ये आणि सहा भोवती असे गाभे असतात. ते सातही बाहेर काढून साध्या सात फायबरना जोडायचे, तर सपाट चिप हतबल होते. काचेत सात वाटा षटकोनातून निघून एका ओळीत येऊन उभ्या राहतात. कुणी प्रस्ताव घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, "यात तिसरी मिती कुठे आहे?" उत्तर नसेल तर मी दुसरा रस्ता सुचवते.

याचा प्रत्यक्ष उपयोग कुठे झालाय?

मला सर्वांत भावणारी उदाहरणं दोन.

पहिलं हवाईच्या माउना केआवरचं. तिथल्या ८.२ मीटरच्या सुबारू दुर्बिणीवर ग्लिंट नावाचं उपकरण आहे आणि त्याच्या गाभ्यात लेसरने लिहिलेली काचेची चिप. आरशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेला ताऱ्याचा प्रकाश चिपमधल्या वेगवेगळ्या वाटांत शिरतो. या वाटांची लांबी काटेकोर जुळवलेली असते. शेवटी दोन वाटा जवळ येतात आणि लहरी एकमेकींना अशा छेदतात, की ताऱ्याची झळाळी विझते आणि त्याच्या अगदी शेजारचं मंद काही असेल तर ते उरतं. आकाशावरच्या पहिल्या निरीक्षणांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरं २०१३ चं. इस्रायलमधलं टेक्नियन आणि जर्मनीतलं येना इथल्या गटांनी सिलिकात मळसूत्री वेव्हगाइडची मधाच्या पोळ्यासारखी जाळी लिहिली. अशा जाळीत एक गंमत असते: वाटेच्या लांबीने जाणं हे वेळ पुढे जाण्यासारखं मानता येतं. इलेक्ट्रॉन काळात कसा सरकतो याचं गणित आणि प्रकाश काचेत लांबीने कसा सरकतो याचं गणित एकाच साच्याचं आहे. वाटा मळसूत्री केल्यावर प्रकाश जाळीच्या कडेने एकाच दिशेने चालू लागला. कडेला मुद्दाम एक वाट गाळली होती, तिथे तो परत न फिरता वळसा घालून पुढे गेला. हे दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने इतक्या सहज लिहिता आलं नसतं.

क्वांटम प्रयोगांतही हे तंत्र २००९ पासून आहे. एकेकटे फोटॉन या वाटांतून सोडून त्यांची गाठभेट घडवतात.

डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेशी याचा संबंध आहे का?

आहे. लॅसिकमध्ये बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा पापुद्रा अनेक ठिकाणी फेमटोसेकंद लेसरनेच काढतात. पृष्ठभाग सोडून आत नाभीपाशी परिणाम, हेच तत्त्व. फक्त तिथे ऊतक वेगळं करायचं असतं.

लिहिलेलं पुसता येतं का?

खूप तापवून, बऱ्याच अंशी. नेहमीच्या तापमानाला ते राहतं.

सगळ्यात जास्त अपयश कशामुळे येतं?

काच तिरकी बसल्यामुळे. सुरुवातीच्या काळात मी एकदा रात्रभराचं काम लावलं होतं: दोन वाटा जवळ आणून प्रकाश वाटून घेणारे जोड, ओळीने अठ्ठेचाळीस. पाच सेंटिमीटरच्या काचेची एक बाजू तीसएक मायक्रॉन वर होती, चिकटपट्टीखाली अडकलेल्या एका कणामुळे. पहिले दहा-बारा जोड उत्तम आले. पुढे खोली बदलत गेली, ठिपक्याचा आकार बदलला आणि शेवटचे वीस जोड नुसत्या रेघा निघाल्या. आता काच बसवल्यावर चारही कोपऱ्यांवर पृष्ठभागाचं परावर्तन बघून उंची मोजते. त्याला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मी कुणालाही वाचवू देत नाही.

धोका आहे का?

हो. हा चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक, वर्गाचा लेसर आहे आणि झोत डोळ्यांना दिसत नाही. योग्य तरंगलांबीचा चष्मा, बंदिस्त झोत, हातात अंगठी-घड्याळ नाही. काचेत लिहिलेला भाग विरघळवून पोकळ नळ्या करायच्या असतील तर हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं. ते लेसरपेक्षा भयंकर आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काम होत असेल तर तेच वापरा.

भारतात हे शिकता येईल का?

येईल. बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये लेसरने लिहिलेल्या वेव्हगाइड जाळ्यांवर संशोधन चालतं. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये अतिशीघ्र लेसरवर दीर्घकाळ काम आहे, इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रात लेसर आणि कोलकात्याच्या काच संशोधन संस्थेत काच. आणि छत्रपती संभाजीनगरला ऑप्टिकल फायबर बनतं, हे आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असतं? तो कारखाना बघायची संधी मिळाली तर सोडू नका.

घरी करून बघता येईल का?

लेखन नाही. लेसर आणि स्टेज मिळून खर्च कोटींच्या घरात जातो. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक स्लाइड कापा आणि तिची कड इतकी घासा, की कडेतून पलीकडचं छापील अक्षर वाचता येईल. ते जमलं की मला दाखवा. पुढच्या भेटीत लेसरसमोर बसायला देईन.